हिंदी प्रणयपटाचा गीतसंच : दृश्य काव्यातून निघालेले श्राव्य काव्य

आपल्या साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे दोन भेद मानले आहेत. नाटक पाहावयाचे, महाकाव्य ऐकावयाचे. या विभागणीत बोलपट दृश्य काव्याच्या पंक्तीस बसतो, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हिंदी बोलपटाच्या पोटी एक दुसरी कृती जन्म घेते आणि मूळ चित्रपटाहून पुष्कळ अधिक काळ लोकांच्या सहवासात राहते. ही कृती म्हणजे त्या चित्रपटाचा गीतसंच होय. चित्रपटातील सर्व गीते एका ध्वनिमुद्रिकेवर अथवा ध्वनिफितीवर विशिष्ट क्रमाने एकत्र आली, म्हणजे जो संच सिद्ध होतो, त्यास प्रस्तुत लेखात ‘गीतसंच’ असे म्हटले आहे. हा संच म्हणजे केवळ चित्रपटाचा अवशेष की स्वतःची रचना असलेली स्वतंत्र श्राव्य कृती, हा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. उदाहरणादाखल ‘मैंने प्यार किया’ (१९८९) या प्रणयपटाचा गीतसंच निवडला आहे. त्याचे संगीतकार नागपूरचे, त्याची नायिका सांगलीची; आणि ज्या काळात तो वऱ्हाडात पोहोचला, त्या काळात गाणे विकत घेऊन घरी ऐकण्याची सोय सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात नुकतीच आली होती.

१. साधन आणि रचना

गीतसंच ही कल्पना चित्रपटसंगीताइतकी जुनी नाही. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे एका चित्रपटाची आठ-दहा गीते चार-पाच तबकड्यांत विखुरलेली असत आणि रसिक आपल्या आवडीची एखादीच तबकडी विकत घेई. गीताचे अस्तित्व सुटे होते. नभोवाणीनेही त्यास सुटेच ठेवले. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ काय किंवा १९५७ साली आकाशवाणीने आरंभिलेली ‘विविध भारती’ काय, तेथे एका चित्रपटाच्या गीतानंतर दुसऱ्याच चित्रपटाचे गीत येई.

पुढे दीर्घ वादनाची ध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत मावू लागल्यावर चित्रपटाची गीते प्रथमच एका वेष्टनात आली. परंतु ती मुद्रिका आणि ती वाजविणारे यंत्र ही दोन्ही महाग असल्यामुळे तिचा प्रसार मर्यादितच राहिला. खरे स्थित्यंतर घडविले ते ध्वनिफितीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली प्रचारात आणलेल्या या साधनात ३.८१ मिलिमीटर रुंदीची चुंबकीय फीत सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकते. साठ मिनिटांच्या फितीच्या प्रत्येक बाजूस अर्धा तास ध्वनी साठविता येतो. १९८० नंतरच्या दशकात भारतात स्वस्त ध्वनिफितींचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर सुरू झाले आणि ग्रामोफोन कंपनीची अनेक दशकांची जवळजवळ अबाधित सत्ता डळमळली. या उलथापालथीचे सविस्तर विवेचन पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तबकडीवर सुई उचलून हव्या त्या गीतावर ठेवता येते. ध्वनिफितीत मात्र नको असलेले गीत ओलांडावयाचे म्हणजे फीत अंदाजाने पुढे पळवावी लागते, थांबवून पाहावी लागते आणि पुन्हा मागे आणावी लागते. हा उपद्व्याप टाळण्यासाठी बहुतेक श्रोते फीत लावून ठेवीत आणि गीते आहेत त्याच क्रमाने ऐकत. परिणामी गीतांचा क्रम श्रोत्याच्या स्मरणात रुजे, आणि एक गीत संपता संपता पुढच्याचा आरंभ मनात वाजू लागे. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना गीतसंचाची एकात्मता वेगळी सिद्ध करून दाखविण्याची गरज नाही.

२. वऱ्हाडातील आगमन

चित्रपट वऱ्हाडात येई तो एका जुन्या नकाशाच्या आधारे. हिंदी चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी देशाचे जे वितरण-विभाग पाडले, त्यांपैकी एकाचे नाव ‘सी. पी. बेरार’ असे आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांतास जोडला गेला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत राजकीय नकाशावरून केव्हाच पुसला गेला. परंतु चित्रपटाच्या हिशेबवहीत तो जिवंत राहिला, आणि विदर्भ, महाकोशल व छत्तीसगड हे त्या वहीत एकाच शीर्षकाखाली नांदत राहिले. या विभागाच्या वितरणव्यवसायात अमरावतीचे स्थान मोठे होते. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील अकोला आणि बडनेरा ही स्थानके, तसेच कापसाच्या व्यापाराने आलेली सुबत्ता, यांचा त्यास हातभार लागला. अमरावतीतील राजकमल चौक, चित्रा चौक ही नावे आजही चित्रपटगृहांच्या त्या वैभवाची साक्ष देतात.

तथापि चित्रपटाच्या प्रती मोजक्याच असत. मोठ्या शहरांतून त्या तालुक्याच्या गावी आणि तेथून फिरत्या तंबूत जाईपर्यंत बराच काळ लोटे. ध्वनिफितीस असा विलंब नव्हता. ती चित्रपटाच्या आधीच बाजारात येई, आणि एका फितीवरून दुसरी उतरवून घेणे घरच्या घरी शक्य होते. त्यामुळे तालुक्याच्या गावातील श्रोत्यास चित्रपट दिसण्यापूर्वी तो ऐकू येई. त्याच्यापुरते श्राव्य काव्य आधीचे होते आणि दृश्य काव्य नंतरचे. चित्रपट पाहून गीत आठवणे आणि गीत ऐकून चित्रपट कल्पिणे, या दोन अगदी भिन्न प्रक्रिया होत. दुसऱ्या प्रक्रियेत श्रोता स्वतःच नेपथ्य उभे करतो, आणि गीतसंचाचे स्वतंत्र जीवन नेमके येथून सुरू होते.

३. चित्रपट आणि संगीतकार

‘मैंने प्यार किया’ हा सूरज बडजात्या यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट २९ डिसेंबर १९८९ रोजी प्रदर्शित झाला. त्याची निर्मिती ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री संस्थेची. ही संस्था १९४७ साली निघाली ती चित्रपटांचे वितरण करण्यासाठी. निर्मितीकडे ती नंतर वळली. सलमान खान आणि भाग्यश्री हे नायक-नायिका होते. रीमा लागू आणि लक्ष्मीकांत बेर्डे या मराठी कलावंतांच्या त्यात ठळक भूमिका होत्या. गीते असद भोपाली आणि देव कोहली यांची. ध्वनिफीत ग्रामोफोन कंपनीने प्रसिद्ध केली.

संगीतकार म्हणून नाव होते ‘रामलक्ष्मण’. हे नाव मुळात दोघांचे. सुरेंद्र हे राम आणि नागपूरचे विजय पाटील (१९४२–२०२१) हे लक्ष्मण. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटाच्या संगीताने ही जोडी मराठी प्रेक्षकांस परिचित झाली. राजश्रीचा ‘एजंट विनोद’ (१९७७) हाती आला त्या सुमारास सुरेंद्र यांचे निधन झाले. त्यानंतर विजय पाटील एकट्यानेच संगीत देत राहिले, पण दिवंगत सहकाऱ्याचे नाव त्यांनी आपल्या नावापुढून कधी काढले नाही. या निष्ठेचे मोल त्यांना द्यावे लागले. ‘रामलक्ष्मण’ हे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु त्या नावामागे नागपूरचा एक मराठी माणूस आहे, हे विदर्भातील अनेकांनाही ठाऊक नव्हते. या चित्रपटासाठी त्यांना उत्कृष्ट संगीतदिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. गीतकार असद भोपाली आणि गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम् हेही त्या वर्षीचे मानकरी ठरले.

४. दोन आवाज

श्राव्य काव्यात पात्र म्हणजे आवाज. १९७६ साली मुकेश, १९८० साली महंमद रफी आणि १९८७ साली किशोर कुमार निवर्तले. नायकाच्या आवाजाची जी सवय श्रोत्यांना तीन दशके जडली होती, ती तुटली. त्या पोकळीत रामलक्ष्मण यांनी तेलुगू मातृभाषेच्या बालसुब्रह्मण्यम् यांना संपूर्ण चित्रपटभर नायकाचा आवाज दिला. समोर लता मंगेशकर होत्या. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा लताबाईंनी वयाची साठ वर्षे पूर्ण केली होती आणि त्यांच्या आवाजात गाणारी नायिका विशीची होती. बालसुब्रह्मण्यम् त्रेचाळीस वर्षांचे, तर नायक चोवीस वर्षांचा. पडद्यावर ही तफावत प्रेक्षक संकेत म्हणून स्वीकारतो. ध्वनिफितीवर मात्र तफावतच उरत नाही, कारण तेथे शरीर नाही. तेथे वय आवाजाच्या ठेवणीत असते. लताबाईंच्या गायनातील संयम आणि बालसुब्रह्मण्यम् यांच्या उच्चारांतील किंचित परका गोडवा यांतून संकोची मुलगी आणि मोकळ्या स्वभावाचा मुलगा अशी दोन पात्रे श्रोत्यासमोर उभी राहतात.

या दोन आवाजांवर संचाची बांधणी झाली आहे. आज उपलब्ध असलेल्या संचात अंताक्षरी धरून अकरा गीते आहेत. त्यांतील ‘दिल दीवाना’ हे गीत दोन वेळा येते, एकदा नायिकेच्या आवाजात आणि एकदा नायकाच्या. एकच चाल दोघांनी वेगवेगळी गावी, ही युक्ती जुनीच आहे. परंतु वियोगाच्या कथेत तिला विशेष अर्थ प्राप्त होतो. शरीराने दूर असलेली दोन माणसे एकाच चालीत एकत्र आहेत, हे चित्रपटास सांगावे लागते. गीतसंच ते न सांगता ऐकवितो.

दुसरी लक्षणीय रचना अंताक्षरीची. जिला आपण ‘गाण्याच्या भेंड्या’ म्हणतो, त्या खेळाच्या निमित्ताने जुन्या चित्रपटगीतांचे तुकडे एकापाठोपाठ एक येतात. लताबाईंच्या आवाजातील जुनी ओळख येथे पुन्हा भेटते. नव्या संचाने आपल्या पूर्वसूरींची वंशावळ स्वतःच्या अंगावर अशी वागवावी, हे पूर्वी क्वचितच घडले होते. शिवाय वऱ्हाडातील घराघरांत हा खेळ आधीपासूनच खेळला जात असल्यामुळे श्रोता येथे केवळ श्रोता राहत नाही. पुढचे अक्षर आले की तो मनातल्या मनात खेळात सामील होतो.

५. दूत आणि पत्र

या संचातील सर्वांत लोकप्रिय गीतांपैकी एक कबुतराचे आहे. नायिका कबुतराबरोबर प्रियकरास पत्र पाठविते. पुष्कळ समीक्षकांनी हा प्रसंग बालिश ठरविला. परंतु विदर्भातील वाचकास तरी हा प्रघात परका वाटू नये. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, हे मत म. म. वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. नळाचा निरोप घेऊन हंस गेला तो विदर्भाच्या राजकन्येकडे, दमयंतीकडे. आणि स्वतः पत्र लिहून ते ब्राह्मणाहाती द्वारकेस पाठविणारी रुक्मिणी ही तर कुंडिनपुरची, म्हणजे परंपरेप्रमाणे आजच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरची. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळाशी तिच्या हरणाची आख्यायिका निगडित आहे. महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकनाथांनी १५७१ साली ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, ते याच कथेवर.

या तीन दूतकथांत एक भेद आहे. यक्ष आणि नळ हे पुरुष निरोप धाडतात. रुक्मिणी स्वतः पुढाकार घेते. ‘मैंने प्यार किया’ची नायिका या बाबतीत रुक्मिणीच्या कुळातील आहे. दिग्दर्शकाच्या अथवा संगीतकाराच्या मनात ही कथा होती, असा दावा येथे केलेला नाही आणि तसा करण्याची आवश्यकताही नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या श्रोत्याने हे आख्यान कीर्तनात ऐकले आहे, त्याच्या कानाला पत्र आणि दूत यांची भाषा आधीच अवगत असते. कीर्तनात रुक्मिणी दिसत नाही, ऐकू येते. ध्वनिफितीवरील नायिकाही तशीच. श्राव्य काव्याचा हा संस्कार या प्रदेशात जुना आहे. नवे साधन त्याच संस्कारावर येऊन विसावले.

६. उसनवारीचा प्रश्न

या संचावरील एक आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘आते जाते’ या गीताची चाल स्टीव्ही वंडर या अमेरिकन संगीतकाराच्या १९८४ सालच्या एका विख्यात गीतावरून घेतली आहे. अन्य एका गीतात ‘युरोप’ या स्वीडिश वाद्यवृंदाच्या १९८६ सालच्या रचनेतील वाद्यधून उचललेली आहे. ही उसनवारी कोणत्याही जाणत्या कानास तत्काळ ओळखू येते आणि मूळ रचनाकारांचे ऋण न मानणे हा दोषच होय.

तथापि दोष नोंदवून थांबणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांची चर्चा करताना, घेतलेल्या वस्तूचे कवी पुढे काय करतो, या कसोटीवर हरणाच्या पायऱ्या लावल्या आहेत. याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म येथे, म्हणजे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीम येथे, झाल्याचे वर्णन आहे, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. राजशेखराची कसोटी लावली, तर ‘आते जाते’ हे गीत फारसे वर येत नाही. तेथे मुखड्याची चाल जवळजवळ जशीच्या तशी आहे. परंतु संपूर्ण संच पाहिला, तर त्यात पाश्चात्य वाद्यधुनीच्या जोडीला शारदा सिन्हा यांच्या कंठातील बिहारच्या लोकगीताचे वळणही आहे, आणि दोन्ही एकाच कथेची अंगे म्हणून येतात. परदेशी धून नायकाच्या श्रीमंत, आधुनिक घराचा वास घेऊन येते. लोकगीताचा सूर मातीशी नाते सांगतो. गीतांची निवड कथेतील दोन जगांच्या विरोधाशी जुळते, आणि येथे संगीतकाराचे स्वतःचे कर्तृत्व मान्य करावे लागते.

७. जे ऐकू येत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दृश्य काव्यातून श्राव्य काव्य निघते, तेव्हा काय गळते?

चित्रपटाच्या उत्तरार्धात कथेस निर्णायक वळण मिळते ते पैशाने. श्रीमंत मित्राच्या घरी मुलीचा अपमान झाल्यावर तिचा कारागीर पिता नायकास अट घालतो. बापाच्या संपत्तीचा आधार न घेता, स्वतःच्या श्रमाने, एका महिन्यात दोन हजार रुपये मिळवून दाखव, मग मुलीचा हात माग. नायक मजुरी करतो आणि राबतो. चित्रपटाची नैतिक बाजू या श्रमावर उभी आहे. प्रेम हे मिळत नसते, कमवावे लागते, हे त्याचे सांगणे.

गीतसंचात या श्रमास वाहिलेले एकही गीत नाही. मैत्री आहे, लाजणे आहे, पत्र आहे, वियोग आहे. घाम मात्र नाही. चित्रपट न पाहता केवळ फीत ऐकणाऱ्या श्रोत्यास त्या दोन हजार रुपयांचा पत्ताही लागत नाही. त्याच्यापर्यंत जो प्रणय पोहोचतो, त्याची किंमत कोणी मोजलेली नसते. हा फरक लहान नव्हे. लग्नाच्या मांडवात, एस. टी. स्थानकावरील उपाहारगृहात, जिनिंगच्या आवारात जी गीते वाजली, ती चित्रपटातील अर्धेच सत्य घेऊन वाजली. ज्या श्रोत्याच्या आयुष्यात एका महिन्यात दोन हजार रुपये मिळविणे ही कथेतील परीक्षा नसून रोजची विवंचना होती, त्यालाच तो अर्धा भाग ऐकू आला नाही.

यावरून गीतसंच खोटा ठरत नाही. श्राव्य काव्य आपल्या प्रकृतीनुसार निवड करते. भाव ठेवते, व्यवहार गाळते. परंतु चित्रपटगीतांवरून एखाद्या काळाचे मन वाचू पाहणाऱ्या संशोधकाने ही निवड ओळखली पाहिजे. केवळ गीतांच्या आधारे १९९० च्या सुमाराचा समाज स्वप्नाळू होता, असा निष्कर्ष काढणे म्हणजे कीर्तन ऐकून गावाचा जमाखर्च मांडण्यासारखे आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. गीतसंचाची एकात्मता ही साधनाच्या घडणीतून आली. ध्वनिफितीने क्रम लादला आणि क्रमाने अर्थ घडविला. वऱ्हाडासारख्या प्रदेशात हा संच चित्रपटाच्या आधी पोहोचत असल्यामुळे त्याचे आकलन स्वतंत्रपणे आणि येथील आख्यानपरंपरेच्या संस्कारातून झाले. आणि त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून कथेतील श्रमाचा भाग श्रोत्यापासून दूर राहिला.

यापुढील अभ्यासास एक अडचण आहे आणि ती दिवसेंदिवस वाढत आहे. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने सुटतो, पावसाळ्याच्या दमटपणाने तिला बुरशी धरते, आणि ती वाजविणारी यंत्रे आता दुरुस्त करून मिळत नाहीत. मूळ गीते अन्य साधनांवर सुरक्षित आहेत, हे खरे. परंतु अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील घराघरांत ज्या फिती उतरवून घेतल्या गेल्या, त्यांवर कोणी कोणते गीत कोणत्या गीतापुढे ठेवले, कोणते गाळले, वेष्टनावर शाईने काय लिहिले, हे अन्यत्र कोठेही नोंदलेले नाही. श्रोत्याने स्वतः केलेले संपादन ते हेच. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास आपण निष्ठेने करतो. रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेने आपल्याला ती शिस्त शिकविली आहे. तीच शिस्त या फितींना लावावयाची असेल, तर विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या माळ्यावरील खोकी अडगळ म्हणून टाकून देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत आणि वेष्टनावर लिहिलेले उतरवून घ्यावे. फीत वाजली नाही तरी तेवढे अद्याप वाचता येते.